जलपर्णी थोडी असतानाच काढावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा चढू लागला की अंबाझरी तलावातील जलपर्णीची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागतात. मग तलावात यंत्रे उतरतात, टिप्पर भरभरून जातात, काही आठवडे पाणी दिसते आणि पुढच्या वर्षी तीच बातमी पुन्हा छापावी लागते. हा क्रम नागपूरकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असे आता कोणाला वाटत नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच. पैसा खर्च होत नाही किंवा कोणी कष्ट घेत नाही, अशी माझी तक्रार नाही. तो पैसा आणि ते कष्ट वर्षाच्या चुकीच्या महिन्यांत खर्ची पडतात, आणि जलपर्णीला पोसणारे सांडपाणी तलावात येतच राहते, हे माझे म्हणणे आहे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. जगातल्या अनेक देशांनी या वनस्पतीशी शंभर वर्षांहून अधिक काळ झुंज दिली आहे. त्यांचा अनुभव आपल्या शहराच्या उपयोगी पडावा, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

हा प्रश्न एकट्या नागपूरचा नाही. जैवविविधतेसंबंधीच्या आयपीबीईएस या आंतरशासकीय संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये परक्या आक्रमक प्रजातींविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. माणसाच्या हालचालींमुळे सुमारे ३७,००० प्रजाती आपला मूळ प्रदेश सोडून दुसरीकडे स्थिरावल्या आहेत आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक प्रजाती तिथल्या निसर्गाला व माणसांना उपद्रव देत आहेत, असे त्यात म्हटले आहे. २०१९ या एका वर्षातले त्यांच्यामुळे झालेले नुकसान ४२३ अब्ज डॉलरहून अधिक होते. या सगळ्या प्रजातींत जगात सर्वाधिक ठिकाणी पसरलेली प्रजाती म्हणून त्या अहवालाने जलपर्णीचे नाव घेतले आहे. दुसऱ्या क्रमांकावर लँटाना आहे, जिला आपल्याकडे घाणेरी किंवा रायमुनिया म्हणतात आणि जिने विदर्भातील जंगलांचे मोठाले पट्टे व्यापले आहेत. म्हणजे या यादीतली पहिली आपल्या तलावात आहे आणि दुसरी आपल्या रानात. नद्या, तलाव आणि पाणथळी मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा फार लहान भाग व्यापतात. पण ज्ञात प्राणिजातींपैकी सुमारे एक दशांश प्राणिजाती गोड्या पाण्याच्या आधाराने जगतात. त्यामुळे तलावाचा पृष्ठभाग झाकला जाणे ही शहराच्या शोभेपुरती बाब राहत नाही.

जलपर्णी इतक्या लवकर कशी वाढते, हे समजून घ्यायचे असेल तर काठावर उभे राहून एक रोप उचलून पाहावे. पानाचा देठ मध्यभागी फुगलेला असतो. तो नखाने चिरला की आत हवेच्या बारीक कप्प्यांनी भरलेला पांढरा गाभा दिसतो, आणि त्याच्याच बळावर हे झाड तरंगते. खाली काळपट जांभळ्या केसाळ मुळांचा दाट झुपका लोंबत असतो. मातीला न टेकता ही मुळे पाण्यातूनच नायट्रोजन आणि फॉस्फरस ओढून घेतात. रोपाच्या बाजूने एक पांढरट दांडी आडवी निघालेली असते आणि तिच्या टोकाला तसेच, पण लहानसे, दुसरे रोप तयार झालेले असते. त्या दुसऱ्या रोपालाही नवी दांडी फुटू लागलेली बऱ्याचदा दिसते. फिक्या जांभळ्या पाकळ्यांवर पिवळा ठिपका असलेले तिचे फूल फार देखणे असते आणि त्या देखणेपणामुळेच माणसाने तिला जगभर नेले. त्या फुलांपासून तयार होणारे बी तळाच्या गाळात पंधरा ते वीस वर्षे टिकून राहू शकते. म्हणून ‘तलाव एकदाचा स्वच्छ झाला’ असे जाहीर करण्याची घाई कोणी करू नये.

ऊन आणि सांडपाणी भरपूर असेल तर जलपर्णीच्या रोपांची संख्या एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपण सावधपणे दोन आठवडे धरू. ऑक्टोबरच्या अखेरीस तलावाच्या एखाद्या कोपऱ्यात अवघी दहा रोपे उरली, तर सव्वीस आठवड्यांत तेरा वेळा दुप्पट होऊन त्यांची ८१,९२० रोपे होतील. नागपूरच्या थंडीत वाढ मंदावते, त्यामुळे प्रत्यक्षात हा हिशेब डिसेंबर-जानेवारीत थोडा मागे पडेल, परंतु फेब्रुवारीनंतर तो भरून निघेल. जी दहा रोपे एका नावेतून दोन माणसांनी अर्ध्या तासात उचलली असती, ती मे महिन्यात यंत्राला आणि टिप्परला काम पुरवतात. दाट माजलेल्या थराचे ओले वजन हेक्टरी दोनशे ते चारशे टन भरू शकते आणि त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक निव्वळ पाणी असते. उन्हाळ्यात आपण टिप्परमध्ये भरून वाहून नेतो ते मुख्यतः पाणीच.

पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की तरंगणाऱ्या जलपर्णीचा बराच भाग पुरासोबत खाली जातो. तो गेल्याने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तलाव मोकळा दिसतो आणि यंत्रणा निश्चिंत होते. खरे तर वर्षातला सर्वांत मोलाचा काळ तोच आहे. पाणी स्वच्छ दिसत असते, काठाच्या गवतात, बेशरम नावाच्या झुडपाच्या जाळीत आणि नाल्यांच्या मुखाशी थोडी रोपे अडकून राहिलेली असतात आणि ती हाताने वेचता येतात.

हे माझे एकट्याचे अनुमान नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने फार मोठी किंमत मोजून हेच शिकून घेतले. दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोभेसाठी अमेरिकेत पोचली आणि १८९० च्या सुमारास ती फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीत होती. थोड्याच वर्षांत तिने तिथली जलवाहतूक अडवली. लुइझियानात तिच्यावर आर्सेनिकचे फवारे मारले गेले आणि त्या विषाने गुरे मेली. १९१० मध्ये लुइझियानाचे प्रतिनिधी रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक अमेरिकी संसदेत मांडले होते. ते जलपर्णी खातील आणि लोकांना मांसही मिळेल, असा त्यांचा विचार होता. ते विधेयक मंजूर झाले नाही, पण एका प्रगत देशाची या वनस्पतीपुढे केवढी अगतिकता झाली होती, ते त्यावरून कळते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्लोरिडातील सुमारे सव्वा लाख एकर पाणी जलपर्णीखाली गेले होते. त्यानंतर तिथे धोरण बदलले. माजल्यावर काढायचे सोडून, वर्षभर पाहणी करून ती सतत कमीत कमी पातळीवर ठेवायची, असे ठरले आणि जलपर्णीचे क्षेत्र काही हजार एकरांपर्यंत उतरले. तिथे तणनाशकांचा मोठा वापर होतो आणि तो आपण उचलू नये, असे माझे मत आहे. त्याविषयी पुढे लिहितो. पण सातत्याचे तत्त्व मात्र जसेच्या तसे घेण्यासारखे आहे.

आपल्या देशात जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. तिने भाताची शेते आणि नावांचे मार्ग दोन्ही व्यापले. १९२१ मध्ये सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९३६ मध्ये खास जलपर्णीविरोधी कायदा झाला आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत जलपर्णी हटवण्याची आश्वासने दिली गेली. जलपर्णी आजही तिथे आहे. नव्वद वर्षांपूर्वी एका प्रांतात जो प्रश्न निवडणुकीपर्यंत गेला होता, त्याकडे आपण ‘तलावाची किरकोळ देखभाल’ म्हणून पाहतो, हे मला पटत नाही.

आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराची कथा यापेक्षा अलीकडची आहे आणि आपल्याला अधिक लागू पडणारी आहे. तिथे १९८९ च्या सुमारास जलपर्णी प्रथम नोंदली गेली आणि दहा वर्षांच्या आत तिने सुमारे वीस हजार हेक्टर पाणी व्यापले. केनियाच्या किसुमू बंदरात नावा हलेनात, मासेमारांची जाळी निकामी झाली, पाण्याच्या योजनांची तोंडे बुजली. १९९५ नंतर निओचेटिना नावाचे, सोंड असलेले इवलेसे भुंगे सोडण्यात आले. हे भुंगे मूळचे दक्षिण अमेरिकेतलेच, जलपर्णीवर जगणारे. १९९८ ते २००० या काळात जलपर्णी झपाट्याने ओसरली. त्यात भुंग्यांचा वाटा मोठा होता आणि एल निनोच्या वादळी, ढगाळ वर्षानेही हातभार लावला, असे अभ्यासक मानतात. पुढे मात्र किसुमूजवळच्या विनाम आखातात ती पुन्हा माजली, कारण शहरांचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते सरोवरात येणे थांबले नव्हते. भरपूर खाऊपिऊ घातलेली जलपर्णी भुंग्यांनी कुरतडल्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वाढते. अंबाझरीच्या बाबतीत जो कोणी निर्णय घेणार असेल, त्याने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

भुंग्यांचा विषय निघालाच आहे, तर साल्व्हिनिया या दुसऱ्या तरंगत्या तणाची हकिकत सांगितली पाहिजे, कारण परक्या तणाचा बंदोबस्त करताना अभ्यासाची किती गरज असते, हे तिच्यातून जितके स्पष्ट होते तितके इतर कशातून होत नाही. साल्व्हिनिया हे नेच्याच्या वर्गातले झाड. त्याला फूल नाही, बी नाही, तुटलेल्या प्रत्येक तुकड्यातून ते पुन्हा उगवते. झांबेझी नदीवर करिबा धरण बांधले गेले आणि १९५९ मध्ये त्या नव्या जलाशयात साल्व्हिनिया दिसली. १९६२ पर्यंत तिने सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पाणी झाकले होते. पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीच्या पूरमैदानात तिने सुमारे अडीचशे चौरस किलोमीटरचा थर धरला. तिथल्या गावांना मासे आणि पाण्याचा रस्ता हीच जगण्याची साधने होती, आणि ती दोन्ही बंद झाल्यावर काही लोकांना गावे सोडावी लागली. शास्त्रज्ञांनी दक्षिण अमेरिकेतून तिचे शत्रू-कीटक आणून पाहिले, पण सुरुवातीचे प्रयत्न बहुतांश फसले. कारण असे होते की या तणाची ओळखच चुकली होती. ही वेगळी प्रजाती असल्याचे १९७२ मध्ये मिचेल यांनी दाखवून दिले, त्यानंतर तिचे मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले आणि तिथे तिच्यावर जगणारा नेमका भुंगा मिळाला. तो भुंगा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा सरोवरात सोडला गेला आणि वर्षभरात त्याने सुमारे अठरा हजार टन साल्व्हिनिया संपवली. सेपिकच्या पूरमैदानातही तोच भुंगा उपयोगी पडला. केरळात, जिथे तिला आफ्रिकन पायल म्हणतात, १९८०च्या दशकात याच भुंग्याने कुट्टनाडच्या कालव्यांना आणि भातखाचरांना मोठा दिलासा दिला.

ही उदाहरणे लांबची वाटत असतील, तर आपल्या शेजारचे एक देतो. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, सारणी येथील सातपुडा जलाशयात साल्व्हिनियाचा थर पसरला होता. जबलपूर येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या तण संशोधन संचालनालयाने तिथे हाच भुंगा सोडला आणि जलाशय मोकळा केला. जबलपूर नागपूरहून एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर आहे. जलपर्णीवरचे निओचेटिना भुंगेही आपल्या देशाला नवे नाहीत. १९८०च्या दशकात बंगळुरूच्या फलोद्यान संशोधन संस्थेने ते आणून, इतर पिकांना ते तोंड लावत नाहीत याची चाचणी घेऊन सोडले, आणि बंगळुरूच्या काही तलावांत व मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्यांचा चांगला उपयोग झाला. भुंगे लागलेले जलपर्णीचे पान ओळखायला सोपे असते. त्याच्या हिरव्या पृष्ठभागावर कुरतडल्याचे लहान चौकोनी-गोलसर फिकट ठिपके दाटीने दिसतात आणि देठात अळी पोखरत गेल्यावर पान तपकिरी होऊन पाण्याकडे झुकते. मात्र भुंग्यांना तीन-चार वर्षे द्यावी लागतात. दर उन्हाळ्यात यंत्राने संपूर्ण थर उचलला, तर त्यासोबत भुंगेही उचलले जातात आणि दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून एखाद्या बंदिस्त कोपऱ्यात तरंगत्या कुंपणाच्या आत थोडी जलपर्णी मुद्दाम राखून तिथे भुंगे वाढवावे लागतील. ही गोष्ट कंत्राटाच्या कागदावर लिहिलेली नसेल, तर यंत्र चालवणाऱ्या माणसाला ती कळणार नाही.

एखादी वनस्पती मुळातच दुष्ट असते, असा समज या लिखाणातून कोणी करून घेऊ नये. भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढिवर बांधव ज्या शिंगाड्याची शेती करतात आणि जो थंडीच्या सुमारास नागपूरच्या बाजारात उकडून विकला जातो, त्याच शिंगाड्याची प्रजात एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागात नेली गेली आणि आज तिथल्या नद्या-सरोवरांत ती उपद्रवी तण म्हणून उपटून टाकली जाते. आपल्या तळ्यांच्या पाण्याखाली नैसर्गिकपणे वाढणारी हायड्रिला मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून १९५०च्या दशकात फ्लोरिडात गेली आणि तिथे तिने कालवे भरून टाकले. इथे या वनस्पतींवर जगणारे कीटक, मासे, पक्षी आणि माणसे आहेत, म्हणून त्या मर्यादेत राहतात. जलपर्णी आपल्याकडे आली ती एकटी. तिला कुरतडणारे कोणी सोबत आले नाही.

विदर्भात पाण्याच्या काठावरचा दुसरा परका म्हणजे बेशरम. तीही उष्णकटिबंधीय अमेरिकेतलीच. तोडून फेकलेली काडी जिथे पडेल तिथे रुजते, गुरे तिला तोंड लावत नाहीत आणि पाणी ओसरले तरी ती वाळत नाही. मालगुजारी तलावांच्या उथळ कडांवर तिने जाळ्या केल्या की गाळ अडतो, तलाव उथळ होत जातो आणि ज्या कडांवर मासे अंडी घालतात त्याच नाहीशा होतात. भंडारा जिल्ह्यातील एका तलावावर एका वयस्क ढिवर गृहस्थांनी मला बेशरमाची जाळी दाखवत एवढेच म्हटले, “जाळं टाकायले जागाच नाही राहिली जी.” गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजातील स्त्रियांनी तलावांतून बेशरम काढून, गाळात देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. परके काढायचे आणि त्याची जागा रिकामी न ठेवता तिथे आपले लावायचे, हा त्या कामातला विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. रिकामे राहिलेले पाणी पुन्हा जलपर्णीच धरते. नागपूरच्या तलावांसाठी तज्ज्ञ नेमताना या स्त्रियांनाही सल्ल्यासाठी बोलवावे, असे मी मनापासून सुचवतो.

आता सांडपाण्याविषयी. अंबाझरी तलाव एकोणिसाव्या शतकात शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला होता. आज त्याच्या वरच्या अंगाला वस्त्या आणि कारखाने दाटले आहेत आणि तिकडून नाल्यांनी येणाऱ्या पाण्यात मैल्यातील नायट्रोजन आणि कपडे-भांडी धुण्याच्या साबणांतील फॉस्फरस असतो. जलपर्णीच्या मुळांना लागते ते नेमके हेच. तलावावर थर पसरला की खाली ऊन पोचत नाही, पाण्याखालच्या वनस्पती मरतात, आणि जलपर्णीची पाने प्राणवायू सोडतात तो हवेत, पाण्यात नव्हे. त्यामुळे तळाशी कुजणाऱ्या पानांनी उरलासुरला प्राणवायूही संपतो. मरळ आणि मागूर वरची हवा घेऊन काही काळ तग धरतात, पण रोहू आणि कटला मरून काठाला लागतात. अशा थराखालच्या साचलेल्या, कुजट पाण्यात डास सुखाने वाढतात आणि हत्तीरोगाचा त्रास पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्या भागाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि हा प्रश्न अंबाझरीच्या सांडव्यापाशी संपतही नाही. तलावातून निघालेले पाणी नाग नदीने कन्हानला, कन्हानने वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयाला मिळते. भंडाऱ्याचे लोक वैनगंगेत दाटलेल्या ‘इकॉर्निया’बद्दल, म्हणजे जलपर्णीबद्दलच, सातत्याने तक्रार करतात, त्यांच्या पाण्याच्या विहिरी याच नदीवर आहेत. ती वनस्पती आणि तिला पोसणारी घाण यांत नागपूरचा वाटा किती मोठा आहे, याचा विचार आपण करायला हवा. चंद्रपूरच्या रामाळा तलावाचीही हीच व्यथा आहे, तर तिकडे पुणे-पिंपरीत पवना आणि कोल्हापुरात पंचगंगा यांच्याबद्दल दरवर्षी असेच लिहिले जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पूर नागपूर विसरलेले नाही. तो पूर जलपर्णीमुळे आला, असे मी म्हणत नाही. काही तासांत कोसळलेला पाऊस आणि अडवलेले पात्र ही त्याची कारणे सर्वांना माहीत आहेत. परंतु सांडवा, पुलांच्या मोऱ्या आणि नाल्यांची वळणे इथे जलपर्णीचे गठ्ठे अडकले तर तशा रात्री पाण्याला वाट उरणार नाही, एवढे समजायला अभियंता असण्याची गरज नाही.

नाग नदीच्या पुनरुज्जीवनासाठी १,९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा प्रकल्प मंजूर झाला आहे. त्यात अंबाझरीत येणारे नाले तलावापूर्वीच अडवून त्यांचे पाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवण्याच्या कामाला पहिले स्थान मिळावे, ही माझी पहिली मागणी आहे. नुसती दुर्गंधी घालवणारी प्रक्रिया पुरेशी होणार नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस उतरवणारी प्रक्रिया हवी. प्रक्रिया केलेल्या पाण्यात या दोहोंचे प्रमाण किती आहे, ते दर महिन्याला लोकांसमोर ठेवावे. नीरीसारखी पर्यावरण अभियांत्रिकी संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. तपासणीसाठी आपल्याला दूर जावे लागणार नाही.

दुसरी मागणी वेळापत्रकाची आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव, गांधीसागर अशा सर्व तलावांसाठी मिळून एक लहान, कायम पथक नेमावे, त्यात मासेमारी करणाऱ्या बांधवांना प्राधान्याने घ्यावे आणि त्यांना वर्षभर मजुरी द्यावी. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात दर आठवड्याला नावेतून काठाची पाहणी व्हावी आणि दिसलेले प्रत्येक रोप उचलले जावे. उन्हाळ्यातल्या एका मोठ्या कंत्राटाच्या तुलनेत हा खर्च कमीच येईल, असा माझा अंदाज आहे. कामाचे मोजमापही बदलावे लागेल. आज किती टन जलपर्णी काढली यावर काम मोजले जाते. त्यामुळे ती भरपूर माजण्यात कोणाचे तरी हित गुंतते. त्याऐवजी तलावाचे किती पाणी वर्षभर मोकळे राहिले, यावर मोबदला ठरावा. हे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून सहज तपासता येते.

काढलेल्या जलपर्णीचे ढीग काठावर सोडून देण्याची पद्धत तर ताबडतोब थांबली पाहिजे. पहिल्याच सरीबरोबर तिच्यातला रस तलावात उतरतो आणि जे नायट्रोजन-फॉस्फरस आपण बाहेर काढले, ते परत आत जातात. ढिगातली हिरवी रोपेही वाहून पुन्हा पाण्यात पडतात. तलावाच्या पाणलोटाबाहेर नेऊन तिचे खत करावे किंवा बायोगॅससाठी वापरावी. अर्थात कारखान्यांच्या सांडपाण्यात वाढलेली जलपर्णी मुळांत जड धातू साठवते, तेव्हा खत शेतात टाकण्यापूर्वी त्याची तपासणी आवश्यक आहे. जलपर्णीपासून टोपल्या, कागद, फर्निचर करण्याच्या योजनांचे कौतुक मी वाचतो. ज्या स्त्रियांना त्यातून चार पैसे मिळतात त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण अशा उद्योगांना जेवढी जलपर्णी लागते त्याच्या कितीतरी पट ती वाढते. बांगलादेशात तिच्या थरांवर तरंगत्या बागा करतात, त्या शतकानुशतकांच्या पूरस्थितीतून आलेल्या आहेत. तिथेही जलपर्णी संपलेली नाही.

तणनाशकांविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्या पाण्यात मासे धरले जातात, ज्यावर गुरे येतात आणि जे पुढे वैनगंगेतून पिण्यासाठी उचलले जाते, त्या पाण्यावर ग्लायफोसेट किंवा २,४-डी फवारू नये. एकाच वेळी मेलेला सगळा थर तळाशी जाऊन कुजला की उरलेला प्राणवायूही जातो आणि तलावातले मासे एका रात्रीत मरू शकतात.

शेवटी वाचकांना एक विनंती. गच्चीवरच्या टाक्यांत आणि कुंड्यांत लावायला जलपर्णी आजही रोपवाटिकांत आणि ऑनलाइन विकत मिळते. तिच्यासोबत पिस्टिया आणि साल्व्हिनिया ही तरंगती तणेही विकली जातात. युरोपीय संघाने २०१६ मध्ये जलपर्णीची विक्री आणि वाहतूक बंद केली. राज्य सरकारने इथेही तसा आदेश काढावा, यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा. तोवर घरातल्या मत्स्यपेटीतली किंवा कुंडीतली झाडे कंटाळा आल्यावर तलावात, नाल्यात किंवा विसर्जनाच्या कुंडात सोडू नयेत. ती उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकावीत. ऑक्टोबरमध्ये फुटाळ्यावर किंवा सोनेगाव तलावावर फिरायला जाणाऱ्यांना कडेला एखादे रोप दिसले, तर त्याचे छायाचित्र आणि नेमकी जागा संबंधित विभागाला त्याच दिवशी कळवावी. आपल्या वृत्तपत्रानेही मे महिन्यातील हिरव्या थराच्या छायाचित्राबरोबरच ऑक्टोबरमधल्या त्या दहा रोपांचे छायाचित्र पहिल्या पानावर छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक
धरमपेठ, नागपूर